पुजलेलं रॅचेट

मिरजगाव
पितरपाट, पहिला आठवडा

माझ्या कल्याणा,

आशीर्वाद घे, दोन्ही हातांनी घे, एका हातानं घेतला की निम्मा सांडतो. हे पत्र मी सोता लिहितीय, कोनाकडनं लिहून घेतलं न्हाई. साक्षरतेच्या वर्गाला जात हुते तवा तुझी आई हसायची. म्हनायची, "आत्या, आता काय कलेक्टर व्हायचंय व्हय?" आता तीच शेजारी बसून बघतीय अन् म्हनतीय, वेलांटी चुकली. चुकू दे. तुला कळलं म्हंजे झालं.

गाय बरी हाय. कालवड झाली, लई गोड हाय, कपाळावर पांढरा ठिपका. पाऊस बरा झाला पन आता असलं ऊन पडतंय की अंगनात पाय ठिववत न्हाई. रस्त्यानं सोलापूरचा ट्रक गेला की समदा धुरळा घरात. भाकरीवर पन धुरळा. तुझी आई दिवसातनं चारदा झाडती अन् मग भिंतीला टेकून बसती. दमलीय ती. समदीच दमल्यात.

आता ज्याच्यासाठी बसले ते सांगते. तुझ्या दादाचा, बापाचा तुझ्या, उजवा हात गेलाय. घाबरू नको, तुटला न्हाई. मनगट सुजतंय अन् बोटांत जीव राहात न्हाई. सदऱ्याचं बटन लागत न्हाई. डाव्या हातानं जेवतो, अन् मी बघितलं की ताट फिरवून बसतो. मी आई हाय त्याची, ताट फिरवलं म्हनून दिसायचं ऱ्हातंय का? नगरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हनला, "मिस्तरी, पाना पिळून पिळून शीर दबलीय. पिळनं बंद करा, न्हाईतर हात कायमचा जाईल." माझा सूर्यभान म्हनला, "बंद केलं तर खायचं काय?" त्यावर डॉक्टरनं पंख्याकडं बघितलं.

उसाचा सीझन तोंडावर आलाय. गॅरेजपुढं ट्रॅक्टर लागलेत. हाताखालचा गोरक्ष एकटा किती करनार, त्याचं पन वय झालं, चष्म्याला दोरा बांधून काम करतोय. तुझा दादा म्हनतो, एवढा सीझन काढायचा अन् शेडला कुलूप लावायचं. बाजारातनं कुलूप पन आनलंय, पितळी. दारामागं खिळ्याला टांगलंय. मी येता जाता त्याच्याकडं बघते. शेड बंद झाली की हा मानूस घरात बसून काय करनार? खाटेवर बसून रस्ता बघनार. माझ्या डोळ्यांपुढं ते नको.

तू हत्यारांच्या दुकानात हाईस. हात न पिळता नट सुटंल असं काय नवं निघालंय का रे? तुमी बापलेक बोलत न्हाई ते मला म्हाईत हाय. मी दोघांशी बोलते, मला चालतं. मी लिहिलं हे त्याला कळू द्यायचं न्हाई.

तुझी आजी
भागूबाई (सही पन माझी हाय)

*

पुणे
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय आजी,

तुझं पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं. सही फार सुंदर आहे. शेठनी विचारलं, घरी सगळं बरं ना? मी हो म्हणालो.

दादांच्या हाताचं वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. तसंही इथं लक्ष लावण्यासारखं काही नसतं. मला शेठनी आता काउंटरवरून उठवलंय. नवीन हत्यारांची पेटी घेऊन गॅरेज-गॅरेज फिरायचं, दाखवायचं, ऑर्डर आणायची. हडपसर झालं की भोसरी, भोसरी झाली की खडकी. पेटीनं खांदा उतरतो. मेकॅनिक लोक गाडीखालून मुंडकंसुद्धा बाहेर काढत नाहीत. मी निघताना दादा काय म्हणाले होते आठवतं? "पाने विकायला चाललास. फिरवायला हात दुखतात का?" रोज एकदा तरी आठवतं.

पण तू विचारलंस ते निघालंय. मागच्याच महिन्यात आलं. रॅचेट म्हणतात. जुनं रॅचेट दादांनी पाहिलंय, त्याचे दाते जाड, पुष्कळ फिरवावं तेव्हा एक दाता सरकायचा. हे नवीन गॅरेजच्या रोजच्या कामाचं आहे. दाते अगदी बारीक. आपला साधा पाना कसा, नट थोडा फिरवला की काढायचा, परत बसवायचा, परत पिळायचा. ह्याला गोटी, म्हणजे नटाच्या मापाची लोखंडी टोपी, लावून एकदा नटावर बसवलं की काढायचं नाही. नुसतं मागं-पुढं करायचं, मागं येताना ते मोकळं येतं. मनगट पिळावं लागत नाही, सगळी ओढ कोपरातून. डोक्यावर खटका आहे, तो फिरवला की उलटं चालतं. डाव्या हातानंही चालतं.

इथले मिस्त्री काय म्हणतात तेही सांगतो, नाहीतर म्हणशील पोरगा दुकानदारी करतोय. भोसरीचे एक जुने मिस्त्री म्हणाले, "हे खेळणं घरी ने, पोरं झोपतील आवाजानं." त्यांच्याच शेजारच्यानं माझ्या हातातून घेतलं, इंजिनात हात घातला, जिथं पाना फिरायला जागाच नाही तिथला नट काढून दाखवला. मग दोघांचं भांडण लागलं, मी पेटीवर बसून राहिलो. ऑर्डर कुणीच दिली नाही.

एक रॅचेट आणि गोट्यांचा डबा आसारामच्या टेम्पोत देतोय. तो कांदा घेऊन मार्केट यार्डात येतो, परत जाताना आणेल. दादांना माझं नाव सांगू नकोस. दुकानानं वापरून बघायला दिलंय, एवढंच सांग.

तुझा
कल्याण

*

मिरजगाव
घट बसून तीन दिवस झाले

कल्याणा रे,

आलं! आसारामनं डबा दारात ठिवला अन् म्हनला, "आज्जे, कांद्याचा वास लागला असंल, धुऊन घे." मी उघडला. अग बाई! काय चकाकतंय! नव्या नवरीच्या पायातल्या जोडव्यावानी. अन् फिरवलं की कर्र कर्र कर्र वाजतंय. दुपारभर मी तेच फिरवत बसले. खाटेचे नट काढले अन् परत बसवले. मी, या वयात! कुनाला बोलवावं लागलं न्हाई. तुझी आई म्हनली, "आत्या, देवापुढं घट बसलेत अन् तुमी इथं खाट खोलताय." मी म्हनलं, देवी पन बघतीय, तिला पन मजा वाटत असंल.

सूर्यभानला सांगितलं, पुण्याच्या दुकानानं बघायला दिलंय. त्यानं कुठलं दुकान ते इचारलं न्हाई. डाव्या हातात घेतलं, फिरवलं, कानाजवळ नेलं, खटका इकडचा तिकडं केला. त्याचं तोंड मी बघत हुते. जरा सैल झालं, मग परत तसंच. म्हनला, "खंडेनवमीला पुजू, मग लावू. नवं हत्यार पुजल्याबिगर कामाला लावत न्हाई आपन." अन् फळीवर ठिवलं.

पन बघायला मानसं यायला लागली. समोरच्या गॅरेजचा भिमाजी आला. त्याला आपली शेड बंद व्हायची केवढी घाई, तरी रोज इचारायला येतो, "सूर्यभान, हात कसा हाय?" रॅचेट घेतलं अन् म्हनला, "हे बघ गोरक्ष, उंदराचे दात. ट्रॅक्टरच्या चाकाला लावलं की भुगा."

गोरक्ष म्हनला, "उंदीर पोतं कुरतडतो, भिमाजी. तुझ्या पान्यानं तेवढं पन होत न्हाई."

"अरं, पन ताकद कुठंय ह्यात? पान्याला पाईप घालून मी अंगानं लटकतो तवा नट हलतो."

"लटक की. एक दिवस पाईप सुटंल अन् तू थेट कर्जतला."

मी हसून हसून दमले. सूर्यभान पन हसला, पन हात मांडीखाली ठिवून. दुखत असला की तो मांडीखाली घालतो, लहानपनापासनं.

लई आनंदात हाय मी. तुझी आई म्हनती, इतकं हरकू नका. पन आता या घरात कोनीतरी हरकायला नको का?

भागूबाई

*

पुणे
१८ ऑक्टोबर १९९६

आजी,

घाईत लिहितोय, रात्रीच्या आत टाकायचंय. भिमाजीकाका चाकाच्या नटाचं बोलले ते खरं आहे. चाकाच्या नटाला रॅचेट लावायचं नाही, आणि त्याच्या दांडीला पाईप तर कधीच घालायचा नाही. घट्ट नट आधी जाड टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, सैल करून घ्यायचा, मग रॅचेटनं काढायचा. हे दादांना माहीत असेलच, पण गोरक्षकाकांच्या कानावर घाल.

दादा हसले हे मी दोनदा वाचलं.

इथं ह्या आठवड्यात सगळे म्हणतात, दसऱ्यानंतर बघू. शेठ म्हणतात, तुला विकता येत नाही. खरंच येत नाही. आता संध्याकाळी पेटी उचलतानाच विचार येतो की ती उद्या परत उचलायची आहे.

दादांनी लावलं की लगेच कळव.

कल्याण

*

मिरजगाव
दसरा होऊन गेला

कल्याणा,

कसं लिहू कळंना. क्रमानं लिहिते, म्हंजे काय सुटायचं न्हाई.

खंडेनवमी मोठी केली. दर वर्साला सूर्यभान पान्यांवर पानी शिंपडतो, हळदी-कुंकू वाहतो, झालं. औंदा मी म्हनलं, पुजा मी करनार. पाने, हातोडे, टॉमी समदी पोत्यावर मांडली. रॅचेट मात्र पाटावर, मधोमध. पाव्हनं हाय ते, पुन्याहून आलेलं. त्याला मी देवावानी न्हाऊ घातलं. आधी दूध, आपल्या गायीचं, मग दही, तूप, मध, साखर. पळी पळीनं, डोक्यावरनं. खटका हलवून हलवून, म्हंजे आतपर्यंत पोचावं. मग फडक्यानं पुसलं, हळदी-कुंकू, झेंडूचं फूल, वर पुरनाचा निवद. गोरक्ष पन पाया पडला. लई समाधान झालं. पुरन जरा सैल झालं हुतं, हरभऱ्याची डाळ नवी न्हवती.

दसऱ्याच्या दिवशी हत्याराला हात लावला न्हाई. दुसऱ्या दिवशी वाकीच्या राधाकृष्णाचा ट्रॅक्टर आत घेतला. त्याला कारखान्यावर जायची घाई. सूर्यभाननं रॅचेट उजव्या हातातच घेतलं. नवं हाय, पहिला हात उजवा पायजे म्हनला. आडवा झाला. मी दारात हुते, कर्र कर्र ऐकायला. पहिल्या वेळेला बरं चाललं. मग त्यानं जोर लावला अन् ते सटकलं. रिकामंच फिरलं. हात जाऊन आदळला लोखंडावर. बोटं फुटली, अन् मनगटाला असा हिसका बसला की माझं सूर्यभान ट्रॅक्टरखाली तसंच पडून राहिलं. गोरक्षनं पाय धरून ओढून काढलं.

भिमाजी रस्त्यापलीकडनं म्हनला, "म्हनलं नव्हतं, उंदराचे दात?" त्याचं पन तोंड उतरलं हुतं म्हना. बोलून गेला.

गोरक्षनं परत लावून बघितलं. चारदा धरतंय, एकदा सोडतंय. म्हनला, मिस्तरी, माल खोटा हाय. सूर्यभाननं ते डब्यात घातलं अन् माळ्यावर टाकलं. हळद-तेलाची पट्टी बांधताना मला म्हनला, "आई, हे कल्याणनं पाठवलं न्हवं?" मी मान हलवली. तो म्हनला, "पोरगं असलं विकतं व्हय दारोदार? कुनाचा तरी हात जायाचा." रागानं बोलला असता तर मी भांडले असते. दमून बोलला.

राधाकृष्णाचा ट्रॅक्टर आता भिमाजीकडं गेला. दुसऱ्यांना पन सांगितलं, या आठवड्यातली कामं उरकली की आमी बंद. सीझन पन काढायचा न्हाई म्हनतो. कुलूप खिळ्यावरनं काढून खिशात घातलंय.

मी मघाशी शेडमधे जाऊन बसले हुते. पाने टांगलेत तसेच, कुंकू लागलेलं. आज मला काय सुचत न्हाई बघ.

आजी

*

पुणे
२९ ऑक्टोबर १९९६

आजी,

पत्र आलं त्या दिवशी मी पेटी घेऊन निघालो आणि पुलावर कठड्याशी उभा राहिलो. पुढं जाववेना. दादा म्हणाले ते मनात बसलं. मी किती लोकांच्या हातात हे दिलं होतं. दुकानात परत आलो, शेठना म्हणालो, हा माल मी दाखवणार नाही. शेठ म्हणाले, "एक तरी परत आलंय का?" आलेलं नव्हतं. भोसरीच्या त्या शेजारच्यानं दसऱ्यानंतर दोन घेतलीत, रोज वापरतो. मी मुद्दाम जाऊन त्याला विचारून आलो. सटकत नाही म्हणाला.

मग तुझं पत्र परत काढलं. पुरणाचं येतं तिथपर्यंत आलो आणि थांबलो.

आजी, मध आणि साखर? खटका हलवून हलवून, आतपर्यंत?

रागावू नकोस. त्याच्या डोक्यात एक बारीक खिट्टी असते, मागं स्प्रिंग. ती खिट्टी दात्यांत जाऊन बसते म्हणून जोर धरतो. पंचामृत आत वाळलं की खिट्टी चिकटते, अर्धवट बसते आणि ओढलं की सटकते. हत्यार खोटं नाही. दादांच्या हाताला लागलं ते मी पाठवलं म्हणूनच, ते काही बदलत नाही.

मागं दोन छोटे स्क्रू आहेत. बारीक डिसमिसनं गोरक्षकाकांना काढायला सांग. आतलं सगळं रॉकेलमध्ये धुवायचं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं. वाळलं की पातळ ऑइलचा एक थेंब. ग्रीस भरायचं नाही.

दादांना पंचामृताचं सांगू नकोस. तुझ्यावर चिडतील. दुकानाचा दोष होता, दुरुस्त झाला, असं सांग. माल खोटा दिला म्हणून माझं नाव खराब झालं तर होऊ दे, तसंही आमच्यात बोलणं कुठं आहे. पण कुलूप लागायच्या आत हे कर.

कल्याण

*

मिरजगाव
वसुबारस उद्या

माझ्या वासरा,

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच इथं समदं घडून गेलं. कुनी उलगडलं सांगू? मुंग्यांनी!

तुझी आई दिवाळीचं झाडायला निघाली. बघती तर काळ्या मुंग्यांची ही रांग, भिंतीवरनं वर, माळ्यावर. ती म्हनली, "आत्या, तुमी गूळ वर ठिवला का?" मी म्हनलं, मी कशाला ठिवू? तेवढ्यात सूर्यभान चहाला आला. त्यानं रांगेकडं बघितलं, शिडी लावली, डावा हात घालून डबा काढला. मुंग्या समद्या त्याच्यातनं. उघडलं तर रॅचेटच्या डोक्याला मुंग्यांनी घेरलेलं, जत्रा भरलेली. त्यानं खटका बोटानं चाचपला. बोट नाकाला लावलं. मग जिभेला लावलं.

मग माझ्याकडं बघितलं.

"आई, ह्याला काय काय घातलंस?"

मी सांगितलं समदं, दुधापासनं साखरेपर्यंत. लपवायचं काय त्यात, देवाचं हाय.

तो म्हनला, "अन् निवद पन दाखवला हुतास न्हवं?"

"दाखवला की. पुरनाचा."

गोरक्ष दारात उभा हुता, तो मटकन खालीच बसला, हसत. तुझी आई पदर तोंडाला लावून आत पळाली. सूर्यभान हसला न्हाई. तो पायरीवर बसला अन् डब्यातल्या मुंग्या फुंकून काढायला लागला. मग हळूच म्हनला, "म्हंजे पोरानं खोटं पाठवलं नव्हतं."

एवढंच. तुझ्या पत्रातलं खोटं सांगायची माझ्यावर वेळच आली न्हाई. बरं झालं. तू असलं काय शिकवत जाऊ नको आजीला.

त्यानं सोताच खोललं, डाव्या हातानं. गोरक्ष करतो म्हनला तर दिलं न्हाई. स्क्रू खाली पडला, परत उचलला, परत पडला. मला बघवंना म्हनून मी वाती वळत बसले, कान तिकडंच. रॉकेलात धुतलं, उन्हात कापडावर मांडलं. मी लांबनंच बघितलं. हात लावायला आता भीती वाटती.

हाताचं खरं सांगते. बरा न्हाई. हिसक्यानं वाढलंय, बोटं अजून बधिर हाईत. पट्टा बांधलाय. जड काम त्याच्यानं पुढं व्हायचं न्हाई, हे त्याला पन कळलंय, मला पन. चाकं अन् गिअरबॉक्स आता भिमाजीकडं पाठवनार, त्यानं इंजिनाची बारीक कामं इकडं पाठवायची, असं दोघांचं ठरलं. भिमाजीच आला हुता इचारायला. म्हनला, "तुझा उंदीर दे की एक दिवस, बघतो." सूर्यभान म्हनला, "माझा उंदीर उपास सोडून बसलाय, आता कुनाकडं जात न्हाई."

कुलूप परत खिळ्याला हाय. टाकून दिलं न्हाई त्यानं. मी पन टाक म्हनले न्हाई. लागंल तवा लागंल.

दुपारी समदी झोपतात तवा मी भिंतीला पाठ लावून बसते. शेडमधनं येतं, कर्र कर्र, मग थांबतं, त्याचा हात दुखत असंल, मग परत कर्र कर्र. गोरक्षचं चालवनं वेगळं हाय, घाई घाईचं. डाव्या हाताचं हळू असतं. मला कळतं कोन हाय ते.

आता जागा संपली. खाली तुझ्या दादानं लिहिलंय. डाव्या हातानं लिहिलंय म्हनून अक्षर माझ्यापेक्षा वाईट हाय. माझं लई बरं दिसायला लागलंय त्याच्यापुढं.

आजी

*

कल्याण,
इंजिनाच्या आतल्या खोल नटाला गोटी पोचत न्हाई. मधे लावायची लांब दांडी मिळती का बघ.
मिळाली तर आसारामकडं देऊ नको. दिवाळीला सोता घेऊन ये.
दादा